उंबरठ्याला लावलेली गाडी

१

सोमवार, गुरुवार आणि शनिवार. उखर्डूआबांच्या घरात हे तीन वार आता सणावारांपेक्षा मोठे झाले होते. या दिवशी सकाळी सातच्या आत भिकुबाईला गाडीत बसवायचं, धुळ्याला न्यायचं, तिथे चार तास तिचं रक्त मशीनमधून धुऊन निघायचं, आणि दुपार कलल्यावर परत आणायचं. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं, की आबा, जेवण एखाद्या वेळी चुकलं तर चालेल, हे चुकलं तर चालणार नाही. मुलगा नवल याची जुनी व्हॅन होती. बाकीचे दिवस तो भाडी मारायचा, पण हे तीन वार आईचे. त्या दिवशी कोणी लग्नाचं भाडं घेऊन आलं तरी नवल हात जोडायचा.

अडचण गाडीची नव्हती, गल्लीची होती. आबांचं गाव बोरी नदीच्या पलीकडचं, आणि घर अशा बोळात, की समोरून म्हैस आली तर माणसानं कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहावं. गाडी थांबायची पारापाशी, घरापासून दोनशे पावलांवर. आणि भिकुबाईला चालवायची दहा पावलं. अकराव्याला तिचा दम तुटायचा. म्हणून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नवल आणि त्याचा चुलतभाऊ उचलून न्यायचे. बोळातली माणसं बाजूला होऊन उभी राहायची, आणि भिकुबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायची. आपण चालतेबोलते असताना आपल्याला असं उचलून नेतात, याची तिला लाज वाटायची.

माघात एकदा खुर्चीचा पाय मोडला. भिकुबाई पडली ती नेमकी मशीनची सुई लावतात त्या हातावर. त्या दिवसाची पाळी हुकली. संध्याकाळपर्यंत तिच्या छातीत पाणी भरलं, आणि ती माशासारखी तोंड उघडून श्वास घेऊ लागली. त्या वेळी वाचली. पण आबांनी ठरवलं, की आता गाव सोडायचं. पारोळ्याला हायवेलगत घर घ्यायचं, भाड्यानं का होईना, पण गाडी दाराशी लागेल असं.

२

पारोळ्यात घरं होती. गाडी लावायला जागा असलेली घरं नव्हती.

आबा सारा फाल्गुन महिना हिंडले. शाळेत ते गेलेले नव्हते, पाटी वाचता यायची नाही, म्हणून ते प्रत्येक दाराशी थांबून विचारायचे. एकानं पार्किंग आहे म्हणून मोठ्या तोऱ्यात नेलं आणि गटार आणि लिंबाचं झाड यांच्यामधली फट दाखवली. आबा म्हणाले, भाऊ, यात माझी गाडी नाही, मीच लावला जाईन. दुसऱ्याकडे जागा ऐसपैस, पण खोल्या तिसऱ्या मजल्यावर. एका बाईनं गाडी केवढी, माणसं किती, सगळं विचारून घेतलं, मग आजार कोणता ते विचारलं, आणि मग तिला आठवलं की घर कालच दिलं. आबा रागावले नाहीत. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालदारकी केलेला माणूस, वाट पाहणं त्यांच्या अंगातच होतं.

बाजार समितीच्या मागच्या रस्त्याला लीलाधरशेठची तीन मजली इमारत होती. नवीच, अजून रंगाचा वास जायचा होता. खाली खांबांवर मोकळी जागा, तिथे गाड्या लावायच्या, आणि मागच्या अंगाला तळमजल्यावरच एक खोली-स्वयंपाकघर रिकामं. आबांनी आत पाहिलं. फरशीवर पिवळ्या रंगानं सहा चौकोन आखले होते. पाचांत गाड्या इतक्या दाटीनं उभ्या, की दारं उघडायची पंचाईत. मोटारसायकली जिन्याखाली कोंबलेल्या. एक तर पाण्याच्या टाकीवर चढायच्या बेतात. आणि चौथा चौकोन साफ रिकामा.

"ही कोणाची?" आबांनी विचारलं.

"तुमचीच. त्या खोलीबरोबरच आहे," लीलाधरशेठ म्हणाले.

चौकोनाच्या टोकाला, जिथे गाडीची पुढची चाकं टेकतील तिथे, एक लाकूड होतं. जुनं सागाचं, मधोमध झिजून खोलगट झालेलं. इतरांच्या जागेत चाक अडवायला सिमेंटचे ठोकळे होते, इथेच तेवढं लाकूड. आबांनी लगेच ओळखलं. तो उंबरठा होता.

लीलाधरशेठ जरा हसले. म्हणाले, इथे आधी धाब्याचं, मातीच्या छताचं घर होतं, मी प्लॉट घेतला तेव्हा पडलेलंच. पायासाठी खोदलं तेव्हा सगळं निघालं, भिंती, खांब, चूल. हा काही निघाला नाही. दोन दिवस माणसं लागली होती. शेवटी ठेकेदार म्हणाला, राहू द्या, चाकाला टेकण होईल. मग त्याच्या भोवतीनंच फरशी टाकली.

म्हणजे उंबरठा कोणी आणून टाकलेला नव्हता. तो होता तिथेच होता. घर तेवढं त्याच्या अंगावरून काढून नेलं होतं.

आबांनी त्यात काही मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी तो उंबरठा पाय न देता ओलांडला, सवयीनं, आणि चौकोनापासून खोलीच्या दारापर्यंत भिकुबाईच्या मापाची बारीक पावलं टाकत मोजलं. साडेनऊ भरली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

३

राहायला आल्यावर पहिल्याच सोमवारी भिकुबाई स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेली. सीटवर टेकून तिनं दम घेतला आणि म्हणाली, "दहा बी नही लागनात. नऊमाच पोचनू मी." त्या दिवशी ती धुळ्यापर्यंत बोलत होती. मागची लांब सीट तिची. डाव्या खिडकीशी उशी ठेवून, पाय सीटवर घेऊन ती ऐसपैस रेलायची. आबा पुढे नवलच्या शेजारी.

शेजार चांगला होता. वरच्या मजल्यावर इसाकभाई राहायचा, त्याचं हायवेवर गॅरेज. त्याची बायको साबेरा भिकुबाईला बिनमिठाची भाजी कशी चवीची करायची ते सांगून गेली. एवढंच, की इसाकभाई स्वतःची गाडी रस्त्यावर उन्हात लावायचा. चार महिने ही जागा रिकामी होती तरी त्यानं तिथे कधी लावली नव्हती. आबांनी सहज विचारलं, तर म्हणाला, सकाळी लवकर निघावं लागतं आबा, मागेपुढे करत कोण बसेल. हे पटण्यासारखं होतं.

झाडणारी सुंदरबाई रोज सकाळी यायची. सगळं खाली झाडून झालं की ती चौथ्या चौकोनाशी यायची, चपला काढायची, उंबरठ्यापर्यंत झाडायची, आणि मागे वळून पुन्हा चपला घालायची. आबांना ते आवडलं. अजून एवढं पाळणारं माणूस आहे, असं त्यांना वाटलं.

उन्हाळा तापत गेला. गल्लीतली कुत्री दुपारी सावलीला इमारतीखाली यायची, गाड्यांखाली शिरून पडायची. व्हॅनखाली मात्र एकही नसायचं. पण कुत्र्यांच्या मनातलं कोणी सांगावं.

४

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली.

खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सकाळचा पहिला मान गेलेल्यांचा. नवी घागर पाण्यानं भरून ठेवायची, तिच्यावर छोटी लोटी, लोटीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या. मग घरातल्या कर्त्या पुरुषानं उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट टेकत एकेका पितराचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की ते माणूस घरात जेवायला आलं, असं समजायचं. मग विस्तवावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा, आणि सगळ्यांनी आमरसाशी जेवायचं.

आबांनी घागर भरली, कुंकू कालवलं आणि दाराशी येऊन उभे राहिले. तिथे उंबरठाच नव्हता. नव्या खोल्यांना असतो कुठे. फरशीची एक काळी पट्टी तेवढी होती, ती पायपुसण्याखाली गेलेली. आबांनी पायपुसणं सरकवून पाहिलं. त्या पट्टीवर आपल्या बापाचं नाव घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं. बाप असल्या फरशीवर पाय घसरून पडला असता.

आणि दहा पावलांवर चांगला सागाचा उंबरठा होता.

नवलनं गाडी जरा मागे घेतली. आबा घागर घेऊन उंबरठ्यापाशी बसले. बापाचं बोट टेकलं, आईचं टेकलं. थोरल्या भावाचं, दोन काकांचं, पाळण्यातच गेलेल्या मुलीचं. सासू-सासऱ्यांचं. लाकूड कोरडं होतं, कुंकू टेकताच आत ओढून घेत होतं. आठ नावं झाली. मग शेवटी आबांचे वडील म्हणायचे तेच, रीतीप्रमाणे, आबा म्हणाले, की कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला बोलावणारं कोणी उरलं नसेल, तर त्यांनीही यावं, जेवून जावं.

गावच्या घरी हे म्हणताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. तिथे उंबरठा त्यांचा होता.

दुपारी जेवून सगळे आडवे झाले. नवल पंख्याखाली घोरत होता, गाडीची किल्ली खिळ्याला. आबांचा डोळा लागत होता तेवढ्यात बाहेर व्हॅनचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला. सर्र, आणि शेवटी खट्. थोडा वेळ काहीच नाही. मग गाडी कुरकुरली, माणूस चढताना कुरकुरते तशी. मग पुन्हा. मग पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ, जणू कोणाला तरी हात देऊन चढवत होते.

आबा बाहेर गेले. मागचं दार सताड उघडं होतं, आत कोणी नव्हतं. सकाळी गाडी मागेपुढे करताना नीट लागलं नसेल, असं म्हणून त्यांनी ते ओढून लावलं.

५

पुढच्या गुरुवारी वाटेतलं मुकटी गाव मागे गेल्यावर आबांनी सहज वळून पाहिलं. भिकुबाई पाय खाली सोडून, खिडकीला खांदा लावून, अंग चोरून बसली होती. उशी मांडीवर. बाकीची सीट मोकळी.

"सरकी बस ना," आबा म्हणाले. "इतली जागा शे."

"राहू द्या," ती म्हणाली. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. "त्यासले बसू द्या."

"कोणले?"

तिचे डोळे पुरते मिटले. झोप लागली असावी. डॉक्टर म्हणाले होते, की रक्तात घाण साठली की माणूस काहीबाही बोलतं, तिकडे लक्ष देऊ नका. आबांनी तेच मनाला सांगितलं. मशीनवरून आल्यावर ती शुद्ध बोलेल, व्यवस्थित बसेल.

मशीनवरून आल्यावर ती शुद्ध बोलली. साबेराला कोथिंबीर नेऊन द्यायची तिला आठवण होती. गाडीत मात्र ती तशीच बसली, कडेला, एसटीत दाटीनं बसतात तशी.

शनिवारी आबांनी चढतानाच उशी मधोमध ठेवली आणि तिला तिथे बसवलं. फागण्याला पोचेतो ती पुन्हा खिडकीशी होती. आपण कधी सरकलो हे तिला सांगता आलं नाही. तिचा उजवा दंड तिनं आबांना दाखवला. दुखतो म्हणाली. दंडावर खूण नव्हती, पण लुगडं त्या बाजूनं चुरगळलं होतं, दोन माणसांच्या मध्ये बसल्यावर चुरगळतं तसं.

६

गाडी मागून बसलेली दिसते, असं सुंदरबाई सुद्धा म्हणाली. आबा नवलला घेऊन इसाकभाईच्या गॅरेजवर गेले.

इसाकभाई बराच वेळ गाडीखाली होता. बाहेर आला, हात पुसले.

"स्प्रिंगा ठीक आहेत आबा. मागचे टायर मात्र झिजलेत. रोज किती माणसं भरता?"

नवल म्हणाला, भाड्याला फार तर चौघं, धुळ्याला तिघं. त्यात आई चाळीस किलोची.

इसाकभाईनं नवलकडे पाहिलं, मग आबांकडे. "ही गाडी रोज सात-आठ माणसं नेते," तो म्हणाला. "लोखंड खोटं बोलत नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, की मी तिथे गाडी लावत नाही ते उगाच नाही. पण मला काही दिसलेलं नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीचं मी बोलणार नाही. आबांनीही पुढे विचारलं नाही. पैसे विचारले तर इसाकभाई घेईना.

परत येताना आबांच्या एक लक्षात आलं. समोरचा आरसा, ज्यात मागचं दिसतं तो, नवलनं वर छताकडे वळवून ठेवला होता. आबांनी विचारलं. नवल रस्त्याकडे पाहत म्हणाला, ऊन डोळ्यांवर येतं.

दुपारचे चार वाजले होते आणि गाडी पारोळ्याकडे, मावळतीला तोंड करून चालली होती. ऊन समोरून येत होतं, आरशातून नाही. मग आबा म्हणाले, बरं.

७

आबांनी पुन्हा घर शोधायला सुरुवात केली. तेच रस्ते, तीच दारं. गटाराजवळची फटसुद्धा आता कोणाला तरी गेली होती. जामनेरला भाचा होता, तो म्हणाला इकडे या, पण तिथून धुळं तिप्पट लांब. इतकं अंतर आठवड्यातून तीनदा भिकुबाईला सोसलं नसतं.

तोवर गाडी रस्त्यावर लावून पाहिली. भिकुबाईला चाळीस पावलं पडली. बाराव्याला ती खाली बसली आणि ओठ निळे पडले. नवलनं तिला उचलून नेलं. आणि एवढं करूनही सीटवर ती खिडकीशीच. म्हणून गाडी पुन्हा चौथ्या चौकोनात आली.

आबा दुपारी उंबरठ्यासमोर खाटलं टाकून बसू लागले. कुंकवाची बोटं त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली होती. वर काही उरलं नव्हतं, लाकूड तसंच कोरडं. ते बसून ऐकायचे. बाजार समितीतून हमालांची हाक यायची, वर साबेराचं शिवणयंत्र चालायचं. ते थांबलं की गाडीतून एक आवाज यायचा. फार बारीक. खूप माणसं एका खोलीत गप्प बसली, की जो येतो तो. कोणी बोलत नसतं, पण खोली रिकामी नाही हे बाहेरून कळतं.

भीती वाटायची, पण त्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हे आबांनी स्वतःशी कबूल केलं. तो वाट पाहणाऱ्या माणसांचा आवाज होता. जन्मभर धन्याच्या ओट्याखाली उभं राहून आबांनी तो पुष्कळ ऐकला होता.

मग सोमवारी ते झालं. फागण्याच्या अलीकडे गाडीत एकदम वारा घुसला, आणि आबांनी वळून पाहिलं तर भिकुबाईच्या बाजूचं दार वीतभर सरकलेलं. बाहेर रस्ता पळत होता. तिचा एक पाय दाराच्या काठावर आलेला. नवलनं गाडी आवरली. आबांनी उतरून दार लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

"कडी तूच काढी का?"

भिकुबाईनं मान हलवली. हो की नाही ते कळेना. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "दाटी व्हयनी ना. मी उतरी जास. त्यासले जागा व्हई."

"कोणले जागा, भिकू?"

तिनं आबांकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती. "तुम्हीच बलायात ना त्यासले," ती म्हणाली.

८

गुरुवारी आबा पुढे बसले नाहीत. भिकुबाईला खिडकीशी बसवलं, तिला लागून स्वतः मधोमध बसले, आणि पलीकडे उरलेल्या जागेत घोंगडी, पाण्याचा डबा आणि जेवणाची पिशवी रचली. आता कोणाला बसायला तसूभर जागा नव्हती. नवलनं आरसा छताकडे असल्याची खात्री केली आणि गाडी काढली.

पारोळा सुटला. ऊन मागच्या काचेतून मानेवर येत होतं. आबांनी एक हात भिकुबाईच्या पलीकडे नेऊन दाराच्या कडीवर ठेवला. काही झालं नाही. शेतं नांगरून पडली होती, एक माणूस बैल पाण्यावर नेत होता. आबांना वाटलं, आपण म्हातारपणी खुळावलो.

मुकटीजवळ भिकुबाई कण्हली. आबांनी पाहिलं, तर ती काचेला चिकटली होती, आणि तिला दाबत होते ते आबाच. त्यांचा खांदा तिच्या खांद्यावर चढला होता. ते सरकलेले नव्हते. घोंगडी, डबा, पिशवी, सगळं खाली पायांत होतं, नीट ठेवल्यासारखं. त्यांनी उजवीकडे सरकायचं पाहिलं. सरकता येईना. सीट मोकळी दिसत होती. त्यांनी टेकायला म्हणून तिच्यावर हात टाकला. हात सीटपर्यंत पोचला नाही.

तेवढ्यात एक ट्रक बाजूनं पुढे निघाला. पलीकडच्या खिडकीतलं ऊन झाकलं गेलं, काच काळी झाली, आणि क्षणभर तिच्यात गाडीचं आतलं दिसलं. चेहरे वर राहिले, दिसले नाहीत. गुडघे दिसले. एकाला एक लागून, मळक्या धोतरातले, लुगड्यातले, एक लहान मुलाचे, कोणाच्या तरी मांडीवर. सगळे जुळवून घेतलेले, आपला दुसऱ्याला त्रास नको म्हणून पाहुणा बसतो तसे. ट्रक गेला. काचेत पुन्हा शेतं आली.

"मी उतरस," भिकुबाई म्हणाली. तिची बोटं आबांच्या बोटांखालून कडी शोधत होती. चाळीस किलोच्या बाईच्या हाताला इतकं बळ नसतं.

आबांना तेव्हा एकच गोष्ट कळली, आणि ती भीतीपेक्षा शरमेची होती. आपले आठजण जेवून आपल्या वाटेनं गेले. त्यांना वाट माहीत होती. पण त्या उंबरठ्यापाशी जे उरले होते, ज्यांना कोणी वर्षानुवर्षं हाक मारली नव्हती, त्यांना आपण बोलावलं, आणि मग हात धुऊन झोपलो. दाराबाहेर पोचवायला कोण गेलं? ज्यानं बोलावलं त्याची गाडी सुटली, की ते आपले उठून बसतात, हा नेईल तिथे जायला.

"नवल, थांब."

गाडी कडेला लागली. नवलनं मागे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"आईले ली जाय. एक मिनिट बी उशीर करू नको," आबा म्हणाले. मग भिकुबाईच्या गुडघ्यांवरून पाय टाकून ते खाली उतरले. तिनं त्यांचा सदरा धरला. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिच्या मांडीवर उशी ठेवली आणि दार पूर्ण उघडं सरकवून बाजूला उभे राहिले. रिकाम्या सीटला हात जोडले.

"चला," ते म्हणाले. "मी बलायं, मीच पोचाडस."

थोडा वेळ काही नाही. मग गाडी जराशी वर आली. मग आणखी जराशी. मग आणखी. एकदा मध्येच थांबली, आणि आबांनी न कळत हात पुढे केला, म्हाताऱ्या माणसाला उतरताना करतात तसा. हातावर वजन आलं. भिकुबाईनं मोठा श्वास घेतला आणि पाय सीटवर घेतले.

आबांनी दार लावलं. गाडी गेली.

९

सूर्य पाठीशी होता, म्हणून सावल्या पुढे पडत होत्या. आबांनी आपली पाहिली. तिच्या बाजूच्या पाहिल्या नाहीत. धुळ्याकडे जायचं नव्हतं, पारोळ्याकडेही नाही; मागच्यांना त्यांची वाट सापडेल तिथवर सोबत करायची होती. थोडं पुढे एक गाडीवाट शेतांतून निघाली होती, कुठे जाते ते आबांना माहीत नव्हतं. ते तिला लागले. मागे ढेकळं दबल्याचा आवाज येत राहिला.

ऊन चढलं तेव्हा खिशातला फोन वाजला. नवल होता. म्हणाला, आईले मशीनवर लाई दिधं, आबा. रस्ताभर पाय पसरून झोपली होती. डॉक्टर म्हणाले आज चेहरा बरा शे. मग म्हणाला, "कोठे शेतस तुम्ही? घेवाले येस."

"गाडी नको आनू," आबा म्हणाले. "आम्ही चालतच जातस. धीरे धीरे चालनं पडस. बठ्ठा संगे शेतस."

सगळे म्हणजे कोण, असं नवलनं विचारलं नाही. मग म्हणाला, "पानी पिजात आबा."

आबांनी फोन खिशात ठेवला आणि चार पावलं टाकली. मागून कोणीतरी एक मागे पडलं होतं, आवाजावरून कळत होतं. त्याचा पाय ओढला जात होता.

आबा मागे न पाहता थांबले. ते येईपर्यंत तसेच उभे राहिले.